किटलीवाल्यांची टेप

श्रीरंगच्या लेखी जगात माणसं दोनच जातीची होती: लीकी केटल्स ऐकणारी आणि बाकीची गुरंढोरं. जयनगरातल्या त्याच्या घरी दर रविवारी सकाळी पहिल्या जातीची चार माणसं जमत, आणि त्या चौघांनाही श्रीरंग मनातून दुसऱ्या जातीतच धरत असे.

लीकी केटल्स म्हणजे एकोणीसशे सदुसष्टपासून जेमतेम चार वर्षं चाललेला एक इंग्रजी बँड. गिटारी बडवायच्या, मध्येच शिंकायचं, कुत्र्यासारखं भुंकायचं, भोक पाडलेल्या किटलीला तोंड लावून ती तुतारीसारखी फुंकायची आणि विलायतेतल्या पोस्टमास्तरांवर नाहीतर पाद्र्यांच्या बायकांवर गाणी म्हणायची, हा त्यांचा धंदा. तिकडे लोक हसून हसून लोळत म्हणे. श्रीरंगच्या घरात मात्र त्यावर कोणी हसलेलं त्याच्या बायकोने, श्यामलाने, बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मंडळी डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारखी बसत. लग्न नवं असताना तिने एकदा विचारलंही होतं, की अहो, ही गाणी विनोदी ना, मग हसायचं कधी? त्यावर श्रीरंगने तिच्याकडे असं काही पाहिलं की तिने पुन्हा तो विषय काढला नाही. ती आपली उप्पिट्टाच्या बशा ठेवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रेडिओ लावायची.

बरं, संग्रह तरी कसला? त्या बँडने दुकानात विकायला काढलेल्या रेकॉर्ड श्रीरंग हातात धरत नसे. त्या कोणालाही मिळतात, म्हणायचा. त्याला हवं ते टाकलेलं. गाणं चुकलं म्हणून रद्द केलेलं, रेडिओवर एकदाच लागलेलं, कोणीतरी मांडीवर टेपरेकॉर्डर लपवून हॉलमध्ये चोरून टिपलेलं. एका कॅसेटमध्ये तर अकरा मिनिटं नुसतं ड्रमवाल्याचं खोकणं होतं आणि ती त्याने स्कॉटलंडातल्या कोणा माणसाशी तीन वर्षं पत्रव्यवहार करून मिळवली होती. सरकारी कारखान्यात तो स्टोअर्स ऑफिसर होता. तिथे खिळे-स्क्रूंची नोंद ठेवायला त्याला कंटाळा यायचा, पण घरच्या सहाशे कॅसेटींची कुंडली त्याला तोंडपाठ होती.

त्याचे नियम दोन. कॅसेट हातात आली की आधी तिच्या मागचे प्लास्टिकचे कान मोडायचे, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही. आणि घरातल्या मोठ्या स्पूलच्या मशीनवरचं रेकॉर्डिंगचं तांबडं बटण, त्यावर चिकटपट्टी. ती कोणी काढायची नाही. पुसणं हे पाप, असं तो सगळ्यांना बजावत असे. शिवाय त्याचा कान! नुसती सुरुवातीची सळसळ ऐकून तो सांगायचा, ही मूळ टेपची दुसरी कॉपी की तिसरी. हेब्बाळला भाड्याने राहणारा तनय नावाचा पुण्याचा तरुण, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतला, पहिल्यांदा आला तेव्हा मोठ्या हौसेने एक कॅसेट घेऊन आला होता. श्रीरंगने चार सेकंद ऐकून ती परत केली आणि चौथी कॉपी आहे, घरी भाजी आणायच्या पिशवीत ठेव म्हणाला. पोरगं भलं, तरी दर रविवारी येत राहिलं.

येणार नाही तर काय? समोर भिंतीवर ती फ्रेम होती ना.

त्या फ्रेमची गोष्ट अशी. एकोणसत्तर साली हे केटल्सवाले कुठून कुठे जाताना, खिशात दमडी नाही म्हणून, बंगलोरला थांबले आणि कँटोन्मेंटमधल्या एका क्लबात त्यांनी एक संध्याकाळ कार्यक्रम केला. पुढे एकोणीस वर्षांनी, बँड कधीच मोडल्यावर, त्यांच्या चाहत्यांच्या इंग्लंडातल्या मासिकात त्यांच्या गायकाने आठवण लिहिली, की बंगलोरला किटली फुंकायच्या वेळी कोणीतरी तरुण स्थानिक व्यक्ती स्टेजवर चढली, माझ्या हातातून किटली ओढली, आपल्या भाषेत काहीतरी बोलली, आणि उभ्या आयुष्यात मिळाला नाही एवढा हशा मला त्या रात्री मिळाला. ती काय बोलली ते मात्र कधी कळलं नाही.

श्रीरंगने लगोलग पत्र टाकलं. ती व्यक्ती मीच. मी त्यांना म्हणालो, साहेब, आमच्या देशात चहाची थट्टा करत नाहीत. मासिकाने ते पत्र पहिल्या पानावर छापलं, शेजारी श्रीरंगचं चित्र काढलं, त्याच्या डोक्याला फेटा आणि पायात मोजडी. जन्मात फेटा न बांधलेल्या माणसाने ते पान फ्रेम करून लावलं. तेव्हापासून तो तिकडच्या मंडळींचा लाडका झाला. दुर्मिळातली दुर्मिळ टेप पोस्टाने त्याच्याकडे आधी यायची, आणि आता पुढच्या उन्हाळ्यात लंडनच्या मेळाव्याला मानाचा पाहुणा म्हणून त्याला बोलावणंही आलं होतं. तिकीट काढून झालं होतं. नवा सूट शिंप्याकडे होता.

आणि खरं? खरं असं, की त्या संध्याकाळी श्रीरंग क्लबाच्या आत गेलाच नव्हता. अठरा वर्षांचा होता, पायात चपला होत्या, आणि बुटाशिवाय प्रवेश नाही म्हणून दारवानाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं होतं. तो कंपाउंडच्या भिंतीला टेकून दोन तास उभा राहिला. आतून तो हशा उठला तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. आत काय झालं हे कळण्यासाठी त्याने तेव्हा काहीही दिलं असतं. एवढ्यापुरती त्याची कीव करायला हरकत नाही. पण भिंतीबाहेरचा माणूस हळूहळू भिंतीच्या आत सरकला, मग स्टेजवर चढला, मग फ्रेममध्ये जाऊन बसला, त्याला काय म्हणायचं?

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात एका रविवारी तनय धापा टाकत आला. कंपनीतल्या कन्नड राज्योत्सवाच्या कार्यक्रमासाठी लाउडस्पीकर ठरवायला तो चिकपेटला गेला होता. तिथे एका बोळात यल्लाप्पा म्हणून माइकवाला भेटला, निपाणीकडचा, मराठी बोलणारा. बोलता बोलता म्हातारा म्हणाला, की एकोणसत्तर साली कँटोन्मेंटात गोऱ्यांच्या कार्यक्रमाला माइक माझाच, ते किटलीवाले हो, त्यांची टेप आहे माझ्याकडे. तनयचे डोळे लकाकत होते. सगळा कार्यक्रम, सर, किटलीसकट. तुमचा आवाज आहे त्यात!

श्रीरंगच्या हातातली बशी कलली आणि उप्पिट्ट सतरंजीवर सांडलं. इतर सदस्यांत वयाने वडील नरसिंहराव, निवृत्त हेडमास्तर, त्यांना वाटलं आनंदाने सांडलं. श्रीरंगने तोंडातला घास गिळला आणि जुनी टेप हाताळणं हे येरागबाळ्याचं काम नसल्याचं सुनावलं. तो स्वतः जाईल, एकटा जाईल, ऐकेल, तपासेल, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना ऐकवेल.

बुधवारी तो चिकपेटला गेला. साड्यांच्या गठ्ठ्यांतून, हमालांचे धक्के खात, नाकाला रुमाल लावून. यल्लाप्पाचं दुकान म्हणजे खुराडं. कर्णे, वायरी, फुटके माइक, आणि मागच्या फळीवर टेपांचे खोके ओळीने, प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं. दर आयुधपूजेला लावतो, असं यल्लाप्पाने कौतुकाने सांगितलं. श्रीरंगच्या अंगाचा तिळपापड झाला. टेपेला कुंकू! पण यल्लाप्पाने त्याच्यासाठी खालच्या पेटीतून काढलेल्या खोक्यावर कुंकवाचा ठिपका नव्हता. चला, एवढी तरी शुद्ध राहिली म्हणून त्याला बरं वाटलं.

यल्लाप्पाची बायको गंगव्वा तिथेच स्टुलावर बसली होती. तिने एका जुन्या पितळी किटलीतून पेल्यात चहा ओतला. किटलीच्या पोटाला कथलाचा डाग दिलेला होता, जाडजूड, बटाट्याएवढा. असल्या भांड्यातला चहा श्रीरंग पिणार? त्याने पेला हातानेच मागे सारला. ती काही रागावली नाही. फक्त नवऱ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ऐका सावकाश, मग येऊन सांगा कसं वाटलं ते. टेप नेण्याबद्दल यल्लाप्पाने काही मागितलं नाही. शनिवारपर्यंत परत द्या एवढंच म्हणाला.

गुरुवारी श्रीरंगने अर्धी रजा टाकली. श्यामला दुपारची भाजी निवडत होती. त्याने पुढच्या खोलीचं दार लोटलं, टेप मशीनवर चढवली आणि ऐकायला बसला. पहिल्या सळसळीलाच त्याने मान डोलावली. मूळ टेप, शंकाच नको. असला कान साऱ्या हिंदुस्थानात नाही, हे त्याने त्या अवस्थेतसुद्धा स्वतःशी म्हणून घेतलं.

पाऊण तासाने किटली आली. गायक काहीतरी बडबडला, किटली फुंकल्याचा फुर्र असा आवाज झाला, आणि मग एक बाई बोलली. मराठीत बोलली. श्रीरंगने टेप मागे घेऊन तीनदा ऐकलं. बोलणं खणखणीत होतं, त्यामागोमाग सगळा हॉल हसत होता, गायक स्वतः हसता हसता माइकवर आपटत होता, आणि तो हशा एक-दोन नाही, चांगली चार मिनिटं थांबत नव्हता. लीकी केटल्सने जन्मात केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं. श्रीरंगला ते कळत होतं, हे लक्षात ठेवा. जगात कोणाला कळलं नसतं इतकं त्याला कळत होतं. आणि त्यात श्रीरंग कुठेच नव्हता.

आधी त्याला वाटलं, तेवढा तुकडा पुसावा. मग वाटलं, मधलाच तुकडा कोरा म्हणजे लोक संशय घेतील. सगळी कोरी असली तर दमट हवेवर ढकलता येतं. त्याने नखाने तांबड्या बटणावरची चिकटपट्टी काढली, माइकची वायर उपटली आणि टेप चालवायचं आणि तांबडं, दोन्ही बटणं एकदम दाबली. तांबडा दिवा लागला. टेप फिरत राहिली. हा गृहस्थ समोर खुर्चीत बसून ती फिरताना बघत राहिला, सव्वा तास. मध्ये श्यामला चहा हवा का विचारायला दार उघडून डोकावली, तो एवढ्या जोरात नको म्हणाला की ती उलट पावली गेली. पण दिवा तिने पाहिला होता.

शनिवारी त्याने टेप परत नेली. यल्लाप्पा लग्नाच्या कामाला गेला होता, म्हणून शेजारच्या बांगडीवाल्याकडे ठेवली आणि कोरी निघाली, दमट हवेने गेली, असा निरोप दिला. घरी येऊन तनयला फोन केला, आवाज जड केला. तनयने बरं सर म्हणून फोन ठेवून दिला.

रविवारी श्रीरंगने भाषण आधीच तयार केलं होतं. ह्या लोकांच्या हातात ठेवा पडला तर असंच व्हायचं. फळीवर धूळ, खोक्यावर कुंकू! टेप म्हणजे काय म्हसोबा आहे शेंदूर फासायला? जगाला हसवणारा एक ऐतिहासिक क्षण, माझा क्षण, एका अडाणी माइकवाल्याने कुजवला. नरसिंहराव च्‌च्‌ करत होते. एवढ्यात दाराची घंटा वाजली.

तनय होता. त्याच्यामागे स्वच्छ धोतरातला यल्लाप्पा, आणि त्याच्यामागे इरकल नेसलेली गंगव्वा, हातात कापडी पिशवी. झालं होतं ते एवढंच, की टेप वाया गेली म्हणून तनयला फार वाईट वाटलं आणि म्हाताऱ्याची माफी मागायला तो शनिवारी संध्याकाळी चिकपेटला गेला. तर म्हातारा हसला आणि त्याने त्याला आपल्या कामाची रीत सांगितली. लग्न असो, कीर्तन असो, नाहीतर गोऱ्यांची गाणी, दुसऱ्या दिवशी तो टेपेची एक कॉपी काढायचाच. मूळची ती घरची, तिला कुंकू लावायचं आणि ती फळीवरून हलवायची नाही. कॉपी ती पार्टीची, मागेल त्याला द्यायची. किटलीवाले त्यांची न घेताच गेले, म्हणून ती पेटीत पडून होती.

“पार्टीचा भरवसा नसतोय,” यल्लाप्पा खोलीत सगळ्यांना समजावून सांगू लागला. “हरवत्यात. सोयरीक मोडली की पुसूनबी टाकत्यात.”

त्याने पिशवीतून, आज पहिल्यांदाच फळीवरून उतरवलेलं, कुंकू लावलेलं खोकं काढलं. मूळ टेप म्हणून आपण डोलावलेली मान श्रीरंगला आठवली की नाही कोण जाणे, कारण तो घाईघाईने मशीनचा पट्टा सैल झाल्याचं सांगत होता. स्वयंपाकघराच्या दारातून श्यामला म्हणाली, की गुरुवारी दुपारी तर चांगलं तासभर चालू होतं. यल्लाप्पाने तोवर टेप चढवलीही होती. त्या जाडजूड बोटांना मशीन कसं चालवायचं हे विचारावं लागलं नाही. त्याने टेप नेमकी त्या जागेवर नेली, आणि खोलीभर अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो हॉल पसरला. किटली फुर्र झाली. आणि मग:

“अरं मेल्या, माझी किटली हाय ती! माइकवाल्यांच्या च्याची किटली! भोक पाडलंस व्हय रं तिला? तुझ्या आईनं बघितलं तर पाठीत लाटणं घालंल. आण हिकडं! फुंकतोय बघा कसा, न्हाणीतला बंब असल्यागत!”

आधी नरसिंहराव हसले. मग दुसरे दोघं, मग तनय, भिंतीला टेकून, पोट धरून. श्यामला तर दारातच खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. त्या खोलीत, त्या बँडवर, बावीस वर्षांत पहिल्यांदा माणसं हसत होती. टेपमधला हॉल हसत होता, खोली हसत होती, आणि गंगव्वा मांडीवर हात ठेवून लाजत बसली होती. यल्लाप्पा सांगत होता, की त्यांची किटली फुटली होती म्हणून त्या बाबांनी हिची जनरेटरजवळची किटली उचलली, भोक पाडलं, आणि ही वायरी टाकता टाकता तशीच अनवाणी स्टेजवर चढली. तीच किटली हो, पुढे डाग दिला. त्या दिवशी साहेबांनी तिच्यातलाच चहा नको म्हटलं.

हसता हसता तनयची नजर भिंतीवरच्या फ्रेमवर गेली. फेटा, मोजडी, चहाची थट्टा करत नाहीत. तो हळूहळू हसायचा थांबला.

“सर,” त्याने अगदी हळू विचारलं, “मग तुम्ही कुठे होतात?”

यल्लाप्पाचं तिकडे लक्षच नव्हतं, त्याला भलतंच कोडं पडलं होतं. पार्टीची टेप दसऱ्याला धूळ झटकून ठेवताना त्याने लावून पाहिली होती, झकास वाजत होती, मग महिन्याभरात कोरी कशी होईल? त्यावर श्यामला पदर सावरत उठली, मशीनजवळ आली आणि वाकून पाहिलं.

“तांबड्या बटणावरची पट्टी नवी आहे,” ती म्हणाली. “जुनी पिवळी पडली होती.”

नरसिंहरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तनय फ्रेमकडे बघत होता, मशीनकडे बघत होता, आणि श्रीरंगकडे मात्र बघायचं टाळत होता. मोठ्या मनाच्या माणसाला अजूनही वेळ होती. मी बाहेर उभा होतो, चपला होत्या म्हणून आत सोडलं नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पोरगं तेवढ्यावर विरघळलं असतं. पण मोठं मन काही पोस्टाने मागवता येत नाही. श्रीरंगने घसा साफ केला, डोळे बारीक केले आणि कान मशीनकडे कलवला.

“सळसळीवरून सांगतो,” तो म्हणाला, “ही ओरिजिनल नव्हे.”

गंगव्वाने त्याच्याकडे पाहिलं. बाजारात शिळी मेथी हातात घेऊन ठेवून द्यावी तसं पाहिलं.

“ओरिजिनल हितं बसलीया की, साहेब,” ती म्हणाली.

श्रीरंग उठला. पायात चपला सरकवल्या आणि फाटकाबाहेर जाऊन कंपाउंडच्या भिंतीपाशी उभा राहिला. थोड्या वेळाने आत टेप पुन्हा लावली असावी, कारण हसण्याचा आवाज भिंतीवरून बाहेर आला.